साहेबांचा जप

सोमवार, ता. ४

आज लेकीच्या घरून आलं ते असं:

पिंजरा एक, झाकणासह, जुना.
सुकं गवत, दोन पिशव्या, १८०.
दुखण्याचं औषध, पातळ, लहान बाटली एक, ३४०.
बिनसुईच्या सिरिंजा चार, २०.
हाताने भरवायची पूड, पाकीट एक, २६०. लागलीच तर म्हणून.
गाडीभाडं १५०. लेकीच्या मैत्रिणीने घ्यायचं नाकारलं, मी तिच्या पिशवीत टाकलं.
गिनीपिग एक, पोटाला सात टाके.

एकूण ९५०. पिठाच्या काट्यावर त्याला ठेवला तर ९४० ग्रॅम भरला. हे म्हणाले, "ग्रॅमला एकाहून जास्त पडला. मला कोणी एवढ्यात घेतलं नसतं."

लेक अडतीस वर्षांची, एकटी राहते, चष्म्याच्या कारखान्यात काचा घासते. दिवसभर वाकून वाकून पाठीचा मणका सरकला, त्याचं ऑपरेशन परवा झालं, तिकडे मोठ्या शहरात. सहा आठवडे तिथेच राहायचं आहे. आणि त्याच्या चारच दिवस आधी ह्या प्राण्याच्या मूत्राशयातून मुतखडा काढला. ह्याला टाकून कशी जाऊ म्हणून ती स्वतःचं ऑपरेशन पुढे ढकलायला निघाली होती. तेव्हा मीच म्हटलं, पाठव इकडे. संसार मांडला नाही, माया लावली ती ह्या उंदराच्या मामाला. पण लावली आहे खरी. तो गेला तर तिच्या घरात तिची वाट बघणारं कोणी उरणार नाही.

नाव साहेब. सगळ्यांच्या आधी जेवतो आणि उशीर झाला तर ओरडतो म्हणून.

दोन पानांची चिठ्ठी आली आहे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. औषध सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, सिरिंजवर पॉइंट चारच्या रेघेपर्यंत, थोडं खाऊन झाल्यावर, दहा दिवस. चुकलं तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचं नाही. माणसाची गोळी, कुठलीही, कणभरसुद्धा नाही. रोज सकाळी वजन. अर्धा दिवस खाल्लं नाही तर वाट न बघता डॉक्टरीणबाईंकडे. आणि सगळ्यात वर, खाली दोन रेघा ओढून: "आई, बरा दिसला तरी औषध कमी करू नकोस."

देवापुढे दिवा लावून सांगितलं, परक्याची ठेव आहे, सांभाळून परत देईन एवढं कर.


मंगळवार, ता. ५

सकाळी फजिती. मी त्याला बाळासारखा उताणा धरला, सिरिंज समोरून तोंडात घातली आणि एकदम दाबली. तो ठसकला. नाकातून बुडबुडा आला. मी त्याला पटकन सरळ केला. उरलेलं औषध ह्यांच्या सदऱ्यावर.

आत किती गेलं कळेना. पुन्हा द्यावं तर जास्त व्हायचं, न द्यावं तर कमी. दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किती गेलं माहीत नसेल तर परत देऊ नका. संध्याकाळी नेहमीएवढं द्या. आणि उताणा नको हो आजी, फुप्फुसात जाईल. सरळ बसवायचा, पाठ तुमच्या पोटाला. सिरिंज बाजूने, पुढच्या दातांच्या मागे एक फट असते तिथून. एक थेंब, त्याला गिळू द्या, मग दुसरा."

मला आजी म्हणाली. नातवंडाचा पत्ता नाही आणि आजी.

संध्याकाळी टॉवेलात गुंडाळून, सरळ बसवून, बाजूने दिलं. ह्यांनी डोकं धरलं. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला हात, धरल्याचं साहेबांना कळलंसुद्धा नाही. सगळं पोटात गेलं. वर चाटत होता. औषध गोड आहे म्हणे.


बुधवार, ता. ६

वजन ९३८. गवत खाल्लं, ढोबळी मिरचीची एक फोड खाल्ली. लेंड्या मोजल्या, एकशे बारा. चिठ्ठीत 'लक्ष ठेव' लिहिलंय, आता लक्ष ठेवायचं म्हणजे मोजायलाच हवं. वहीत ह्याच्यासाठी वेगळं पान पाडलं: वेळ, औषध, वजन, लेंड्या. हे म्हणाले, "काय भरभराट. आपला हिशोब लागत नाही कधी, ह्याचा लागतो."

लेकीचं पत्र आलं. इस्पितळात फोन जिन्याखाली आहे, बाहेरून केला तर कोणी उचलत नाही, उभं राहून बोलावं लागतं, आणि तिला उभं राहायची मनाई. म्हणून पत्रंच. लिहिते, "मी मजेत आहे, काळजी नको. साहेबांचं काय?" पाच ओळी पत्र, त्यातल्या चार साहेबांच्या.

पहिल्यापासून सोशिक पोर. आठ वर्षांची असताना जिन्यावरून पडली, मनगट मोडलं, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने जेवताना मी पकडली. हाडवैद्य म्हणाले होते, मोठी माणसं ओरडतात हो, ही हूं की चूं करत नाही. मी आल्यागेल्याला किती दिवस सांगत होते.


शुक्रवार, ता. ८

वजन ९३९. साहेब चांगलेच सावरले. सकाळी मी स्वयंपाकघरात पाऊल टाकल्याबरोबर शिट्टी. पिंजऱ्यात एक उडीही मारली, टाके असून.

औषधाचा विचार करते आहे. चार दिवस पूर्ण दिलं. आता दिसायला ठणठणीत, मग एवढंसं शरीर औषधाने कशाला भरायचं? दुखण्यावरच्या औषधाचं असंच, घेत गेलं की अंगाला सवय लागते आणि मग सुटत नाही. हे गुडघ्याला घेतात ती गोळी, एक दिवस नाही घेतली की खुर्चीतून उठवत नाही. दुखणं देवाने दिलंय तर सोसायची ताकदही तोच देतो. लेकीच्या वेळी दीड दिवस कळा आल्या, मी तोंडातून ब्र काढला नाही.

हे मोठ्याने म्हटलं तर हे म्हणाले, "तू नाही काढलास. मी बाहेर रडत होतो त्याचं काय?"

आज संध्याकाळपासून पॉइंट दोन. बंद केलेलं नाही, निम्म्यावर आणलंय. चिठ्ठीत कमी करू नकोस लिहिलंय ते मी विसरलेले नाही. पण ती घाबरट झाली आहे त्याच्या बाबतीत.

लेकीला पत्र टाकलं. साहेब मजेत, वजन जागेवर, खातो-पितो. औषधाचं लिहिलं नाही, उगाच तिकडे पडल्या पडल्या जिवाला घोर. तिला एवढंच लिहिलं की तूही गोळ्यांच्या फार मागे लागू नकोस, सवय लागते, थोडं सोसलं की अंग आपोआप भरून येतं.


शनिवार, ता. ९

वजन ९२९. सकाळी ०.२, संध्याकाळी ०.२. लेंड्या ८४.

आज अगदी शांत. शिट्टी नाही, धावाधाव नाही. कोपऱ्यात अंग गोळा करून बसला होता. म्हटलं, बघा, औषध कमी केलं तर गुंगी उतरली, आता स्वस्थ बसतो.

दुपारी माळ घेऊन पिंजऱ्याशेजारी बसले तर बारीक आवाज यायला लागला. कट, कट, कट. कान लावला. डोळे अर्धे मिटलेले, आणि दातातल्या दातात काहीतरी चाललेलं. मी माझी माळ थांबवली तरी त्याचं चालूच. अंगावर काटा आला. मुका जीव, पण नाम घेतो. आजवर माळेवर माझं मन एवढं कधी लागलं नसेल. दोघांनी मिळून पाच माळा केल्या.


रविवार, ता. १०

वजन ९१२. औषध ०.२, ०.२. लेंड्या ५१, बारीक आणि कोरड्या.

गवत तसंच. मिरचीची फोड हुंगून सोडून दिली. मी म्हटलं पोटाला विश्रांती मिळते आहे, आपणही उपास केला की हलकं वाटतं.

ह्यांना जपाचं सांगितलं, कौतुकाने ऐकायला बसवलं. हे चष्मा काढून, डोळे मिटून, पिंजऱ्याला कान लावून बराच वेळ बसले. घड्याळाला लावायचे तसे. मग म्हणाले, "हा जप नाही वाटत मला."

"मग काय आहे?"

"तेल आटलेलं चाक फिरतं ना, तसं. चालतंय, पण खातंय स्वतःला."

मी म्हटलं, तुम्हाला देवाचं कधी ऐकू आलंय? ते उठले. चहा घेऊन गॅलरीत जाऊन बसले. त्यांचं गप्प बसणं मला आवडलं नाही.


सोमवार, ता. ११

वजन ८९४. लेंड्या २६.

आज मलाच बरं वाटत नाही. वजनाचा आकडा लिहिताना पेन थांबलं. चार दिवस दोन ग्रॅमच्या वर फरक नव्हता आणि गेल्या तीन दिवसांत पंचेचाळीस. बेरीज-वजाबाकी मला कोणी शिकवायला नको.

दिवसभर त्याच्यापुढे एकेक पान धरून बसले. घेतो, तोंडाशी धरतो, ठेवतो. केस पिंजारलेले, अंग कुबडल्यासारखं. उचलला तर पोटाशी हात लागल्याबरोबर एक बारीक आवाज काढला. एकदाच. मग पुन्हा दातांचा तो आवाज.

संध्याकाळी ०.४ देऊ का असं मनात आलं. पण निम्म्याने असं झालं की मुळात औषधानेच झालं, काय माहीत? ०.२ दिलं.

चिठ्ठी पुन्हा वाचली. अर्धा दिवस खाल्लं नाही तर. वर दोन रेघा. दोन रेघांकडे बघवेना, घडी घालून डब्याखाली ठेवली.


मंगळवार, ता. १२

वजन ८६८. लेंड्या ९. काल दुपारपासून एक काडी पोटात नाही.

जे करायला गेले ते इथे लिहिते, वहीत लिहिलं नाही तर झालंच नाही असं मनाला पटवता येतं. ह्यांची गुडघ्याची गोळी घेतली, विळीवर तिचे चार तुकडे केले, एक तुकडा चमच्यात पाण्यात विरघळवला. म्हटलं मोठ्या माणसाचं दुखणं पळवते, ह्याचं का नाही पळवणार. टॉवेलात गुंडाळला, सिरिंज भरली. तेवढ्यात हे आंघोळीहून आले आणि विचारलं, "हे पांढरं कसलं?" मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून सिरिंज घेतली, मोरीत रिकामी केली. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, माझ्या हातातली वस्तू त्यांनी अशी कधी घेतली नव्हती. म्हणाले, "पदर घे. दवाखान्यात जायचं."

डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलावर ठेवला. पोट दाबून पाहिलं, तोंडात पाहिलं, कानाला नळ्या लावून पोट ऐकलं. म्हणाल्या, "आतडं जवळजवळ थांबलंय. ह्यांचं पोट चालू नसलं की दोन दिवसांत जातात. हा आवाज कधीपासून आहे?"

"कुठला?"

"दातांचा."

मी म्हटलं, शनिवारपासून. आणि काय बुद्धी झाली कोणास ठाऊक, सांगून बसले की मला वाटलं जप करतो.

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "नाही हो आजी. असह्य दुखलं की ते दात घासतात. ओरडत नाहीत. रानात ओरडलं तर दुसरं जनावर येऊन खातं, म्हणून ह्यांची जातच गप्प राहून सोसणारी. कोपऱ्यात बसणं, अंग फुगवणं, डोळे मिटणं, हेच ह्यांचं ओरडणं."

माझ्या पाच माळा डोळ्यांपुढे आल्या. तो कळवळत होता आणि मी शेजारी बसून मोजत होते.

मग त्यांनी विचारलं, "औषध पूर्ण चाललंय ना? पॉइंट चार, दोनदा?"

मी म्हटलं, "हो. लिहिल्याप्रमाणे."

हे माझ्याकडे बघत होते. त्यांना माहीत होतं. त्यांनी माझं खोटं माझ्यासाठी राखून ठेवलं. वही पिशवीतच होती.

डॉक्टरीणबाई विचारात पडल्या. "पूर्ण औषध घेऊन एवढं दुखतंय म्हणजे आत काहीतरी बिघडलंय. टाका सुटला असेल, नाहीतर दुसरा खडा. उद्या सकाळी भूल देऊन उघडायला लागेल. ह्या अवस्थेत भुलेतून बाहेर येईलच असं सांगत नाही. तुमच्या मुलीला विचारून घ्या."

तोवरसाठी त्यांनी पाण्याचं इंजेक्शन दिलं, पूड कालवून सिरिंजने भरवायला सांगितली, औषध तेवढंच चालू ठेवा म्हणाल्या. चालू ठेवा. मी मान हलवली.

लेकीला पत्र पोचायलाच दोन दिवस, विचारायचं राहिलं. घरी येऊन ०.४ दिलं. रेघेवर रेघ धरली. मग पूड भरवली, वाटाण्याएवढा घास, गिळेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. अर्ध्या तासात सहा घास.

देवापुढे बसले पण माळ उचलवली नाही.


बुधवार, ता. १३

पहाटे वजन ८६४. कमी झालं, पण कालच्याइतकं नाही. दातांचा आवाज थांबून थांबून येतो आहे.

नऊला त्याचं पोट उघडणार होते. साडेआठला आम्ही दवाखान्याच्या पायरीवर. वाटेत हे एकच बोलले, "तुला बोलायचं नसेल तर मी बोलतो." मी म्हटलं, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. मीच बोलते." बोलून झाल्यावर दात हा शब्द टोचला.

डॉक्टरीणबाई हातमोजे घालत होत्या. मी वही काढून त्या पानावर उघडून टेबलावर ठेवली. तोंडाने सांगायला गेले असते तर काहीतरी कमी-जास्त सांगितलं असतं. माझ्याच अक्षरात सगळं होतं: चार तारखेपासून ०.४, आठच्या संध्याकाळपासून ०.२, ०.२, ०.२. शेजारी वजन, शेजारी लेंड्या. कुठल्या दिवसापासून उतार लागला ते लहान पोरालाही दिसलं असतं.

त्यांनी बोट फिरवत पान वाचलं. हातमोजे काढले.

"काल का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"आणि कमी का केलंत?"

"सवय लागेल म्हणून."

"आजी, सवय लागायला तो आधी राहायला हवा ना." मग म्हणाल्या, "ऑपरेशनच्या जखमेला पंधराच दिवस झालेत. तुम्ही त्याचं दुखणं अर्धं उघडं टाकलंत. दुखलं म्हणून खाल्लं नाही, खाल्लं नाही म्हणून पोट थांबलं, पोट थांबलं म्हणून आणखी दुखलं. एवढंच आहे हे. आज मी ह्याला उघडला असता तर, आत काही नसताना."

वाक्य पुरं केलं नाही. मला पुरं ऐकू आलं.

त्यांनी टोचून औषध दिलं, लगेच लागू पडणारं, आणि पोट चालू करायचं वेगळं दिलं. म्हणाल्या आज संध्याकाळी तोंडाने देऊ नका, टोचलंय त्यात आलं ते, उद्या सकाळी आठपासून पुन्हा पॉइंट चार. मी विचारलं, इतके दिवस कमी पडलं ते भरून काढायला थोडं जास्त देऊ का? त्या एकदम म्हणाल्या, "नाही. कमीही नाही, जास्तही नाही. जास्त झालं तर मूत्रपिंडं जातील. तुम्ही रेघ बघा, मन बघू नका."

ते वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा.

निघताना पैसे विचारले तर म्हणाल्या, "ही वही मला दोन मिनिटं द्या. एवढी नीट नोंद कोणी ठेवत नाही. हिच्यामुळे वाचला तर वाचेल." मला त्याचा आनंद झाला नाही. वहीने खरं सांगितलं, मी नाही.


गुरुवार, ता. १४

वजन ८६६. लेंड्या ५. ह्यांनी मोजल्या आणि मला हाका मारून बोलावलं, जणू नातू झाला.

सकाळी आठला ०.४, संध्याकाळी ०.४. दर तीन तासांनी पूड. आमच्या दोघांच्या अंगाला त्या गवताचा वास येतो आहे. दुपारी पिंजऱ्याला कान लावला. काही नाही. नुसता श्वास. आता मला दोन तऱ्हेच्या गप्प बसण्यातला फरक कळतो असं वाटतं, पण खात्री नाही म्हणून दर तासाला कान लावते.


शनिवार, ता. १६

वजन ८८१. लेंड्या ६४. पहाटे स्वतःहून गवताची एक काडी ओढली. दुसऱ्या टोकापर्यंत चावत गेला. आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो, हे म्हणाले, "चाललं. ठोका लागला." आणि गॅलरीत गेले, डोळे पुसायला गेले हे मला कळलं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, अजून धोका टळला म्हणू नका, पण गाडी रुळावर आहे. औषध आणखी सहा दिवस, आणि बंद करायचं ते त्या सांगतील तेव्हा.

दुपारी लेकीचं पत्र आलं. इथे उतरवून घेते.

"आई, तुझं पत्र मिळालं. साहेब बरे आहेत वाचून निम्मं दुखणं गेलं. मी मजेत आहे. तू लिहिल्याप्रमाणे गोळ्या निम्म्यावर आणल्या, आणि सोमवारपासून बंदच केल्या. नर्सला सांगितलं नाही, घेतल्यासारखं करते. तुझीच लेक आहे ना. जेवण फारसं जात नाही, पण इथलं अन्नच तसं. चालायला लावतात ते अजून जमत नाही, दमते. बसून राहते कोपऱ्यातल्या खुर्चीत, बरं वाटतं. काळजी करू नकोस."

अक्षर बघितलं. पहिल्या पत्रात ओळी सरळ होत्या. ह्यात ओळ शेवटाला खाली उतरत गेली आहे, आणि 'मजेत'वर पेन इतकं दाबलंय की कागद मागून उठला आहे.

मी ते पत्र तीनदा वाचलं. मग ह्यांना दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली. म्हणाले, "मनगट मोडलं होतं तेव्हाही मजेतच होती."

तेव्हा मी जगाला सांगत फिरले होते. पोरगी ऐकत असणार. आठ वर्षांच्या पोरीने ऐकलं की गप्प बसलं तर आईला आपला अभिमान वाटतो.

लगेच लिहायला बसले. चारच्या टपालाने गेलं पाहिजे. नक्कल ठेवते.

"चि. लेकीस आशीर्वाद.

साहेब मजेत आहेत हे मी खोटं लिहिलं होतं. खरं असं: मी त्याचं औषध आठ तारखेच्या संध्याकाळपासून निम्मं केलं. तू दोन रेघा मारून लिहिलं होतंस तरी केलं. चार दिवसांत त्याचं पोट थांबलं, वजन ८६४ वर आलं, आणि डॉक्टरीणबाईंना मी पहिल्या दिवशी खोटं सांगितलं. जिवावर बेतलं होतं. आता पूर्ण औषध चालू आहे, आज ८८१ आहे, आज पहाटे आपणहून गवत खाल्लं. सुटलो असं अजून म्हणत नाही. तुला रागवायचं असेल तर रागव, तुझा हक्क आहे.

त्याला कळवळताना बघून मी समजले की देवाचं नाव घेतोय. एवढी मी हुशार. त्याच बुद्धीने तुला गोळ्यांचं लिहिलं. ते पत्र फाडून टाक. सोसण्यात काही पुण्य नाही, निदान तुझ्या पाठीच्या बाबतीत नाही. दुखलं तर जेवण जात नाही, जेवण नाही तर ताकद नाही, ताकद नाही तर चालणं नाही. एका गिनीपिगावर हे शिकले, लेकीवर शिकायचं नाही.

नर्सला आजच्या आज खरं सांग. गोळ्या बंद केल्या म्हणून सांग, किती दिवस ते सांग. राहून गेलेल्या एकदम घेऊ नकोस, त्या देतील तेवढ्याच घे, कमीही नाही, जास्तही नाही. लाज वाटली तर माझं नाव पुढे कर, म्हण आईने सांगितलं होतं, ती अडाणी आहे.

लहानपणी तू मनगट मोडून गप्प बसलीस त्याचं मी कौतुक केलं होतं. ते चुकलं. त्या दिवशी तू रडायला हवं होतंस आणि मी जवळ घ्यायला हवं होतं.

आता मला उत्तर हवं ते असं: कुठे दुखतं, किती दुखतं, झोप लागते का, किती घास जातात. आकड्यात लिही, मला आकडे कळतात. 'मजेत' हा शब्द आला तर तुझे वडील आणि मी साहेबांना टोपलीत घालून पहिल्या गाडीने तिथे येऊ, इस्पितळात प्राणी चालत नसला तरी.

आधी गोळी घे, मग लिहायला बस, आणि उलट टपाली कळव."